पंचवीस हजार सायटेशन म्हणजे नेमकं काय?

एखाद्या कर्करोग संशोधकाची ओळख करून देताना हल्ली दोन आकडे हमखास येतात. एकूण सायटेशन, म्हणजे इतरांच्या लिखाणात झालेले उल्लेख, २५ हजार, एच-इंडेक्स ६२. (हे आकडे नमुन्यादाखल, कुणा एकाचे नाहीत.) पुरस्कार जाहीर होवो, नेमणूक होवो, नाहीतर 'जगातल्या पहिल्या दोन टक्के शास्त्रज्ञां'च्या यादीत नाव येवो, बातमीत हे दोन आकडे ठरलेले. वाचणाऱ्याला एवढंच कळतं की माणूस मोठा दिसतोय. त्या २५ हजारांत नेमकं काय मोजलंय, ते कुणी सांगत नाही. खरी मेख तिथेच आहे. एकाच बेरजेत नव्या औषधाची वाट दाखवणारं काम असू शकतं, प्रथिनं मोजण्याची एखादी साधी रीत असू शकते आणि पुढे खोटा ठरलेला निष्कर्षही असू शकतो.

आधी सायटेशन म्हणजे काय ते बघू. शोधनिबंधात, म्हणजे लॅबमधले सगळे ज्याला नुसतं 'पेपर' म्हणतात त्यात, असं एखादं वाक्य असतं: 'पेशींमधल्या प्रथिनांचं प्रमाण पूर्वी वर्णन केलेल्या पद्धतीने मोजलं.' वाक्याच्या शेवटी बारीक अक्षरात १४ हा आकडा. पेपरच्या शेवटी जी यादी असते, तिच्यात चौदाव्या क्रमांकावर कुणाचा तरी जुना पेपर असतो. झालं, त्या जुन्या पेपरच्या खात्यावर एक सायटेशन जमा. लिहिणाऱ्याने तो पेपर मुळातून वाचला होता का, त्याला तो पटला होता का, की प्रस्तावनेत चार नावं घ्यावी लागतात म्हणून घेतलं, याची कुठेही नोंद होत नाही. 'अमुक गटाचा निष्कर्ष आम्हाला मिळाला नाही' असं लिहिलं, तरी त्या गटाचं सायटेशन एकाने वाढतंच.

हा हिशेब ठेवण्याची कल्पना यूजीन गारफिल्ड यांची. १९५५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी ती मांडली. अमेरिकेतले वकील तेव्हा एक खास सूची वापरत. जुना निवाडा पुढे कोणत्या खटल्यांत आधाराला घेतला गेला, कुठे फिरवला गेला, हे त्या सूचीत एका जागी सापडायचं. विज्ञानातही तसं असावं, असं गारफिल्ड यांचं म्हणणं. एखाद्या पेपरवर नंतर कुणी आक्षेप घेतला असेल तर तो अभ्यासकाला दिसावा आणि खोटी, अपुरी किंवा कालबाह्य माहिती डोळे मिटून पुढे ढकलली जाऊ नये, हाही हेतू त्यांनी त्याच लेखात स्पष्ट लिहिला होता. १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' सुरू झाला. वापर होता शोधण्यासाठी. त्यावरून माणसांना गुण देणं मागाहून आलं.

हे शोधणं किती कामाचं आहे, ते कर्करोगातल्या एका धाग्यावरून छान दिसतं. मला तर हा धागा सगळ्या आकड्यांपेक्षा बोलका वाटतो, म्हणून इथे जरा थांबतो.

१९६० मध्ये फिलाडेल्फियातल्या पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांनी एक छोटीशी नोंद छापली. क्रॉनिक मायलॉइड ल्यूकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसतं, एवढंच तिचं सार. नॉवेल यांनी काचपट्टी चक्क नळाच्या पाण्याने धुतली होती. त्यामुळे पेशी फुगल्या, गुणसूत्रं सुटी झाली आणि ती मोजता आली. हंगरफर्ड तेव्हा पीएचडी करत होते, गुणसूत्रं ओळखणारी नजर त्यांची. त्या आखूड गुणसूत्राला पुढे शहराचंच नाव मिळालं: फिलाडेल्फिया क्रोमोसोम. तुकडा गेला कुठे, हे मात्र कुणालाच सांगता येईना.

उत्तर मिळायला तेरा वर्षं लागली. शिकागो विद्यापीठात जॅनेट राउली अर्धवेळ काम करत होत्या, घरी चार मुलगे होते. गुणसूत्रांवर पट्टे उमटवणारी रंगपद्धत तोवर हाती आली होती. सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या फोटोंतली गुणसूत्रं त्या कात्रीने कापायच्या आणि घरी जेवणाच्या टेबलावर जोड्या लावत बसायच्या. आई कागदाच्या बाहुल्या खेळते आणि वर पगार घेते, अशी मुलं थट्टा करायची. या जोड्या लावताना त्यांना दिसलं, की २२ व्या गुणसूत्राचा हरवलेला तुकडा ९ व्या गुणसूत्राच्या टोकाला चिकटलेला आहे. १९७३ मध्ये ते 'नेचर'मध्ये छापून आलं. गुणसूत्रांमधली अदलाबदल हेच कर्करोगाचं कारण असू शकतं, यावर तेव्हा फारसा कुणाचा विश्वास नव्हता. गुणसूत्रांची मोडतोड हा रोगाचा परिणाम, कारण नव्हे, असाच समज होता.

१९८० च्या दशकात जनुकंच हाताळता येऊ लागली आणि अदलाबदलीच्या जागी काय घडतं ते उलगडलं. ९ व्या गुणसूत्रावरचं एबीएल जनुक २२ व्यावरच्या बीसीआर जनुकाला जाऊन जुळतं आणि दोघांचं मिळून एक जोडप्रथिन तयार होतं. हे प्रथिन पेशीला 'वाढ, वाढ' असा इशारा देत राहतं आणि तो इशारा बंदच होत नाही. १९९० मध्ये हे जोडजनुक उंदरांच्या रक्तपेशींत घातल्यावर त्यांना तशाच प्रकारचा ल्यूकेमिया झाला. म्हणजे कारण हेच. १९९६ मध्ये ब्रायन ड्रुकर आणि सहकाऱ्यांनी या प्रथिनाला अडवणारं एक रसायन दाखवलं. रुग्णांच्या नमुन्यांत रोगट पेशींच्या वसाहती ९२ ते ९८ टक्क्यांनी घटल्या, निरोगी वसाहतींना धक्का लागला नाही. तेच पुढे इमॅटिनिब. २००१ च्या मे महिन्यात अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली आणि मोठ्या चाचणीत पाच वर्षांनंतर ८९ टक्के रुग्ण हयात असल्याचं दिसलं.

आता हा प्रवास सायटेशनच्या वाटेने उलटा करून बघा. औषधाच्या चाचणीचा पेपर १९९६ कडे बोट दाखवतो, तो १९९० कडे, तो ऐंशीच्या दशकातल्या जनुकांच्या कामाकडे, ते राउलींकडे आणि राउली १९६० कडे. गारफिल्ड यांना हवी होती ती हीच वाट. पण यातल्या प्रत्येकाच्या खात्यावर किती जमा झालं असं विचारलंत, तर उत्तर फसवं निघतं. आज ल्यूकेमियावर लिहिणारा कुणीही 'फिलाडेल्फिया क्रोमोसोम' हे शब्द सहज लिहून पुढे जातो, १९६० ची ती नोंद यादीत घालायची त्याला गरज वाटत नाही. शोध इतका मुरला की शोधणाऱ्याचं नाव घ्यायचं राहून गेलं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराचा मुद्दाम अभ्यास केला होता. काम सगळ्यांचं झालं की मूळ पेपरचं मीटर मंदावतं.

उलट टोकही आहे. जगात सर्वाधिक सायटेशन मिळालेला पेपर कर्करोगाच्या शोधाचा नाही आणि डीएनएच्या रचनेचाही नाही. १९५१ मध्ये ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांनी द्रावणातलं प्रथिन मोजायची एक रंगपद्धत दिली. हा तो पेपर, सायटेशन तीन लाखांवर. वर जे 'पूर्वी वर्णन केलेल्या पद्धतीने' वाक्य दिलं, तसल्या वाक्यांची ही कमाई. 'नेचर'ने २०१४ मध्ये सर्वाधिक सायटेशनच्या पहिल्या १०० पेपरांची यादी काढली. तिच्यात शिरायलाच १२ हजारांवर सायटेशन लागत होते आणि वॉटसन-क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा १९५३ चा पेपर त्या यादीत नव्हता. वरचे क्रमांक बहुतेक पद्धतींचे आणि संगणक-प्रणालींचे. रेणूजीवशास्त्रात काम करणाऱ्याला याचं नवल वाटणार नाही. प्रथिनं वेगळी करण्याची जेल, आरएनए काढण्याची रीत, पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून ओळखणारी चाचणी, हे रोज लागतं आणि रोज लागतं ते रोज लिहिलं जातं.

तिसरा प्रकार रिव्ह्यू पेपरचा. यात नवा प्रयोग नसतो, झालेल्या कामाची मांडणी असते. डग्लस हॅनाहन आणि रॉबर्ट वाइनबर्ग यांनी २००० मध्ये 'सेल'मध्ये एक रिव्ह्यू लिहिला. कर्करोगाच्या पेशीला सहा गुण अंगी बाणवावे लागतात, असं त्यांनी मांडलं: वाढीचा इशारा स्वतःच देणं, थांबण्याचा इशारा न जुमानणं, ठरलेलं मरण टाळणं, अमर्याद विभागत राहणं, स्वतःसाठी रक्तवाहिन्या ओढून घेणं आणि शरीरात इतरत्र पसरणं. २०११ मध्ये त्यांनी ही यादी वाढवली. दोन्हींचे सायटेशन दहा-दहा हजारांच्या पटीत. याच वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने आणि आणखी दोन गटांनी १९८२ मध्ये दाखवलं होतं, की मूत्राशयाच्या कर्करोगातल्या रास जनुकात डीएनएचं केवळ एक अक्षर बदललेलं असतं. ग्लायसिनच्या जागी व्हॅलिन येतं आणि निरोगी जनुक कर्करोगाचं होतं. विज्ञान म्हणून मला हा प्रयोग त्या रिव्ह्यूपेक्षा थोर वाटतो. सायटेशनच्या शर्यतीत मात्र तो रिव्ह्यूच्या जवळपासही नाही.

एच-इंडेक्स हा याच गोंधळावर काढलेला तोडगा. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये तो सुचवला. करून बघायला सोपा आहे. समजा एका तरुण संशोधिकेचे सात पेपर आहेत आणि त्यांचे सायटेशन उतरत्या क्रमाने १२०, ४५, ३०, १२, ६, ५, २ असे आहेत. क्रमांक आणि सायटेशन ताडून बघत खाली यायचं. पाचव्या पेपरला ६ सायटेशन, म्हणजे पाचापेक्षा कमी नाहीत, चालेल. सहाव्याला ५, सहापेक्षा कमी, थांबा. एच-इंडेक्स ५. आता पहिल्या पेपरचे १२० चे १२ हजार झाले, तरी तो ५ च राहील. एका अफाट पेपरने आकडा फुगू नये, ही त्यातली सोय. आणि तीच अडचण. दोनच पेपर लिहिले पण दोन्हींनी सगळं क्षेत्र हलवलं, अशा माणसाचा एच-इंडेक्स २. शिवाय हा आकडा कधी खाली येत नाही. संशोधन थांबवून दहा वर्षं झाली तरी जुन्या पेपरांच्या जिवावर वाढत राहतो. म्हणून पस्तिशीतल्या आणि साठीतल्या दोघांची तुलना त्यावरून करणं निव्वळ वय मोजण्यासारखं होतं.

क्षेत्राचा फरक तर हिर्श यांच्या पहिल्याच पेपरात दिसतो. भौतिकशास्त्रात त्यांना सापडलेला सर्वोच्च एच-इंडेक्स एडवर्ड विटन यांचा, ११०. जीवशास्त्रात सॉलोमन स्नायडर यांचा, १९१. याचा अर्थ स्नायडर विटन यांच्या पावणेदोन पट बुद्धिमान असा कुणीच काढणार नाही. जीवशास्त्रात माणसं जास्त, पेपर जास्त, प्रत्येक पेपरच्या शेवटची यादी लांब, म्हणून वाटायला सायटेशनही जास्त. कर्करोगाच्या आतही असंच. स्तनाच्या कर्करोगावर लिहिणाऱ्यांची फौज आहे. एखाद्या दुर्मीळ गाठीवर जगभरात मोजकेच गट काम करत असतील, तर त्यांचं उत्तम कामही मोजक्याच वेळा उल्लेखलं जाणार. त्यातून आकडा कुठून घेतला यावरही तो बदलतो. गूगल स्कॉलर प्रबंध, पुस्तकं, छापण्याआधी खुले केलेले मसुदे असं सगळं धरतं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सूची निवडक नियतकालिकंच धरतात. एकाच व्यक्तीचे तीन ठिकाणी तीन एच-इंडेक्स असतात आणि सहसा गूगलचा सगळ्यात मोठा असतो. बातमीत कोणता येतो, ते सांगायला नको.

या आकड्यांच्या जोडीने ऐकू येणारा इम्पॅक्ट फॅक्टर हा तर संशोधकाचा आकडाच नव्हे, तो नियतकालिकाचा. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेले सायटेशन भागिले त्या लेखांची संख्या, एवढंच ते गणित. ही सरासरी आणि सरासरी एक-दोन लेख ओढून नेतात. 'सीए' नावाच्या कर्करोग नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर शेकड्यांत असतो, कारण कर्करोगाची अमेरिकेतली आणि जगभरातली आकडेवारी त्यात छापली जाते आणि कर्करोगावरचा जवळजवळ प्रत्येक पेपर पहिल्याच ओळीत ती उद्धृत करतो. त्याच अंकातल्या दुसऱ्या लेखाला या थोरवीचा काय आधार? डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या पेशीजीवशास्त्रज्ञांच्या सभेत सॅन फ्रान्सिस्कोला एक जाहीरनामा तयार झाला, त्याचं लघुनाम डोरा. संशोधकाची पारख करताना इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नका, ही त्याची मुख्य मागणी. ओरड जीवशास्त्रज्ञांच्याच घरातून झाली, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

दोन वर्षांची ती खिडकी किती तोकडी आहे, ते बघायला पेटन राउस पुरेसे. १९११ मध्ये त्यांनी दाखवलं, की कोंबडीच्या गाठीचा रस पेशी गाळून दुसऱ्या कोंबडीला टोचला तरी गाठ होते, म्हणजे गाळणीतून जाणारं काहीतरी, विषाणू, याला कारण आहे. लोकांनी मनावर घेतलं नाही. नोबेल मिळालं १९६६ मध्ये, राउस ८७ वर्षांचे असताना. त्याच विषाणूच्या सार्क जनुकाचा माग काढत मायकेल बिशप आणि हॅरल्ड व्हार्मस यांनी १९७६ मध्ये दाखवलं, की ते मुळात कोंबडीच्याच निरोगी पेशींतलं जनुक आहे. त्यांना १९८९ मध्ये नोबेल मिळालं.

पेपरवरच्या नावांचा क्रमही वाचावा लागतो. जीवशास्त्रात पहिलं नाव बहुधा प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचं, पीएचडी किंवा पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करणाऱ्याचं, आणि शेवटचं नाव ज्याची लॅब त्याचं. मधली नावं कुणाची मदत, कुणाचे नमुने, कुणाचं संख्याशास्त्र. एखाद्याची कारकीर्द पुढे सरकते तशी नावाची जागा पहिल्यावरून शेवटावर जाते. पण आकडा जागा बघत नाही. शेकडो लेखकांच्या महाप्रकल्पात मधे कुठेतरी नाव असलं, तरी त्या पेपरचे हजारो सायटेशन पूर्णच्या पूर्ण प्रत्येकाच्या खात्यावर.

राहिला सगळ्यात अवघड प्रश्न: सायटेशन जास्त म्हणजे काम खरं का? कर्करोग संशोधनात याचं उत्तर बोचरं आहे. २०१२ मध्ये बेगली आणि एलिस या कर्करोग संशोधकांनी 'नेचर'मध्ये लिहिलं, की ॲम्जेन या औषध कंपनीत गाजलेल्या ५३ पेपरांचे निष्कर्ष पुन्हा तपासले, तर सहाच खरे उतरले. न उतरलेल्यांपैकी काहींना शेकड्यांनी सायटेशन होते. पुढे एका स्वतंत्र प्रकल्पाने, योगायोगाने तिथेही ५३ पेपर, १९३ प्रयोग पुन्हा करायचं ठरवलं. २०२१ मध्ये अहवाल आला तेव्हा २३ पेपरांतले ५० प्रयोगच पूर्ण झाले होते. एकाही प्रयोगाची कृती पेपरात इतकी नीट लिहिलेली नव्हती, की मूळ लेखकांना न विचारता तो करता यावा. जे करता आले, त्यांत दिसलेला परिणाम मूळ दाव्याच्या मानाने बहुधा फारच लहान होता.

यामागे सरसकट लबाडी नसते. पी-५३ हे प्रथिन १९७९ मध्ये सापडलं आणि दहा वर्षं त्याचं जनुक कर्करोग घडवणारं मानलं गेलं. कारण इतकंच, की प्रयोगात वापरलेल्या त्याच्या प्रती बिघडलेल्या होत्या. १९८९ मध्ये उलगडा झाला, की धड असताना ते कर्करोगाला आवर घालतं. पेशींची अदलाबदल हाही जुना घोळ. प्रयोगशाळांत सर्रास वाढवल्या जाणाऱ्या हेला पेशी इतक्या दांडग्या, की दुसऱ्या पेशींच्या बाटलीत शिरून त्यांना संपवतात आणि लेबल तसंच राहतं. चुकीच्या ओळखीच्या पेशी वापरलेले ३२,७५५ पेपर २०१७ मध्ये एका पाहणीत मोजले गेले. त्यांतल्या बहुतेकांना पुढे कुणीतरी उद्धृत केलंच आहे.

आणि मग सरळसरळ बनावट पेपर. सिडनीच्या जेनिफर बर्न या कर्करोगाच्या रेणूजीवशास्त्रज्ञ. ज्या जनुक-कुटुंबावर त्यांनी आधी काम केलं होतं, त्यातल्याच एका जनुकावरचे काही पेपर त्यांना सारख्याच ठशाचे वाटले. त्यांत छापलेल्या डीएनएच्या क्रमांची अक्षरं ताडून पाहिली, तर ज्या जनुकाला गप्प करतो, म्हणजे त्याचं काम थांबवतो, असा दावा होता, त्याच्याशी तो क्रम जुळतच नव्हता. त्यांनी संगणकतज्ज्ञ सिरिल लाबे यांच्याबरोबर असे क्रम आपोआप तपासणारं साधन बनवलं आणि असे पेपर शोधणं हेच त्यांच्या कामाचं मोठं अंग झालं. २०१७ मध्ये 'नेचर'ने वर्षातल्या दहा उल्लेखनीय माणसांत त्यांचं नाव घेतलं. गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये जी सोय मागितली होती, ती एका संशोधिकेला अशी हाताने करावी लागली.

तेव्हा कुणा संशोधकाचं पान उघडलंत, तर बेरीज सोडून आधी सर्वाधिक सायटेशनचे पाच पेपर बघा. त्यात पद्धत कोणती, रिव्ह्यू कोणता, स्वतःचा शोध कोणता, आणि शोधाच्या पेपरवर नाव पहिलं आहे, शेवटचं की मधलं. मग त्या शोधाला उद्धृत करणारे तीन-चार पेपर उघडा आणि ते वाक्य शोधा. 'यावर आधारून आम्ही' असं आहे, 'हे आम्हाला मिळालं नाही' असं आहे, की नुसतं 'आदी' मधलं एक नाव आहे? पेपर मागे घेतला गेलाय का, तेही तपासा. मागे घेतलेले पेपर वर्षानुवर्षं उद्धृत होत राहतात.

पण त्याही आधी, ही यादी एकाच माणसाची आहे ना, ते बघा. सारख्या नावांच्या दोघांचे पेपर एका खात्यात सर्रास मिसळतात. म्हणून तर २०१२ पासून ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक संशोधकांना मिळू लागला. तो दिसला नाही तर यादी खालपर्यंत सरकवा. कर्करोगाच्या पेपरांमध्ये मधेच काँक्रीटच्या मजबुतीवरचे चार पेपर लागले, तर २५ हजार हा आकडा तिथेच बाजूला ठेवा.